एकसारखे नसलेले एक कोटी ठिपके: क्वांटम डॉट लेसरची चाळीस वर्षं

तरंगलांबी (धागालेखिका)

२०२३ साली रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटसाठी, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, जाहीर झालं, तेव्हापासून घरचे, ओळखीचे सगळे विचारतात, "तू यावरच काम करायचीस ना?" मी दरवेळी अडखळते. नोबेल मिळालं ते काचेत आणि द्रावणात वाढवलेल्या डॉटच्या कामाला. मी वाढवत होते ते गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरवर (स्फटिकाच्या पातळ चकतीवर), निर्वात भांड्यात. भावंडंच ती, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेली. टीव्हीच्या जाहिरातींमुळे पहिली सगळ्यांना माहीत झाली. दुसरीबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

पीएचडीची पाच वर्षं मी एमबीई यंत्रापाशी काढली. स्टीलचं मोठं भांडं, आतली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतलेली. एका भट्टीत गॅलियम, एकीत इंडियम, एकीत आर्सेनिक. समोर पाचशे अंशांच्या आसपास तापलेला वेफर, आणि त्यावर अणूंचा एकेक थर बसत जातो. वेफरवर इलेक्ट्रॉनचा झोत तिरपा मारायचा आणि परतलेल्या झोताची नक्षी पडद्यावर बघायची, तिला आम्ही 'रीड' म्हणायचो. पृष्ठभाग सपाट असेतोवर पडद्यावर उभ्या रेघा दिसतात. इंडियमचं शटर उघडलं की मी मनात आकडे मोजायची. वीस-बावीस सेकंदांनी त्या रेघा तुटायच्या आणि त्यांच्या जागी टिंबं उमटायची. एक-दोन सेकंदांत सगळं आटोपायचं. तेवढ्यात वेफरवर दर चौरस सेंटिमीटरला पाच हजार कोटींच्या आसपास बेटं उभी राहिलेली असतात. हीच बेटं म्हणजे आमचे क्वांटम डॉट. कुणी कोरलेली नाहीत, कुणी मांडलेली नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, बाजूला नायट्रोजनचा फुसफुसाट चालला होता आणि मी एकटीच होते. तो पडदा अजून डोळ्यांपुढे आहे.

आता ही बेटं हवीत कशाला?

अर्धवाहक लेसरमध्ये एका बाजूने इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूने होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, सोडतात. ते भेटले की प्रकाश निघतो. ठरावीक करंटच्या खाली दिवा नुसता मिणमिणतो, त्यावर गेला की लेसर होतो. हा 'थ्रेशोल्ड करंट' जितका कमी तितका लेसर चांगला. १९६२ साली अमेरिकेत पहिले अर्धवाहक लेसर लागले ते द्रव नायट्रोजनच्या थंडीत, तेही क्षणभराच्या झटक्यांनी. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर यायला १९७० उजाडलं. लेनिनग्राडच्या आयॉफ संस्थेत झोरेस अल्फेरोव यांचा गट आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हायाशी व पॅनिश, दोघांनी एकाच वर्षी तो केला. युक्ती अशी की इलेक्ट्रॉनना दोन भिंतींमध्ये कोंडायचं. पुढे ती कोंडी आणखी अरुंद झाली, दहाएक नॅनोमीटरची, आणि 'क्वांटम वेल' लेसर आले. आज इंटरनेटच्या तारांमधला बहुतेक प्रकाश त्यांचाच.

१९८२ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या यासुहिको अराकावा आणि हिरोयुकी साकाकी यांनी विचारलं, एकाच दिशेनं का कोंडायचं? तिन्ही दिशांनी कोंडलं तर? मग इलेक्ट्रॉनला अणूतल्यासारख्या ठरावीक पायऱ्या मिळतील, मधे उभं राहायला जागाच उरणार नाही. तापमान वाढल्यावर लेसर बिघडतो तो इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जांमध्ये पांगतात म्हणून. पायऱ्या पुरेशा लांब असतील तर पांगणं थांबेल आणि लेसर उन्हाळा-हिवाळा सारखाच चालेल. तेव्हा असे डॉट बनवता येत नव्हते. त्यांनी साधा लेसर अतितीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवून कोंडीचा परिणाम दाखवला, उरलेलं गणित कागदावर मांडलं.

त्या गणितात एक गोष्ट धरून चालले होते: सगळे डॉट हुबेहूब सारखे. निसर्गाने ती अट कधीच पाळली नाही. पडद्यावरच्या त्या टिंबांमागची बेटं आकारानं एकमेकांपेक्षा दहाएक टक्क्यांनी वेगळी असतात, म्हणून प्रत्येकाचा रंग किंचित वेगळा. सूर न जुळलेला कोरस म्हणा. बरीच वर्षं आम्ही सगळे याला रोग समजून औषध शोधत होतो. मला या धाग्यात सांगायचंय ते हे की, आज क्वांटम डॉट लेसर ज्या कामासाठी सगळ्यांना हवा झाला, ते काम त्या मूळ कागदावर नव्हतंच.

पुढचं प्रतिसादांत लिहिते, हात दुखायला लागले. प्रश्न विचारा.

सदाशिव_आबा

फार सुंदर. मी चौतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. अर्धवाहकांच्या धड्यात एलईडीपर्यंत येऊन थांबायचो, पुढं काय ते मुलांना सांगता यायचं नाही. प्रश्न असा: बेटं आपोआप का होतात? अळूच्या पानावर पाण्याचे थेंब गोळा होतात, तसंच का हे?

तरंगलांबी

आबा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मीही सुरुवातीला अळूचंच पान डोळ्यांपुढे आणायची, पण ती उपमा थोडी फसवते. थेंबाला पान नकोसं असतं. इथे उलट आहे, इंडियम आर्सेनाइड खालच्या गॅलियम आर्सेनाइडवर आनंदाने पसरतं. अडचण मापाची आहे. इंडियम आर्सेनाइडच्या स्फटिकातलं अणूंमधलं अंतर सुमारे सात टक्के मोठं.

खोलीपेक्षा मोठी सतरंजी अंथरायची ठरवली तर काय होतं? भिंतींना टेकेपर्यंत दाबून बसवता येते. पहिला थर तसाच दबून सपाट बसतो. वर दुसरी घालायला गेलं की ताण सोसवत नाही आणि मधेमधे फुगे येतात. साधारण पावणेदोन थरांना हा ताण हाताबाहेर जातो, आणि बेटं उठतात. फुगा वर आला की त्याच्या माथ्यावरच्या अणूंना आडवं पसरायला जागा मिळते, म्हणून ताण सुटतो. बल्गेरियाच्या स्त्रान्स्की आणि क्रास्तानोव या दोघांच्या १९३८ च्या कामावरून या वाढीला त्यांचं नाव आहे. लेसर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

एक बेट पायाला वीसेक नॅनोमीटर, उंचीला पाचेक. हिशेब केला तर आत तीसेक हजार अणू भरतात.

रानवारा

मी नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये नेटवर्क बघतो. स्विचच्या पुढच्या पट्टीत ट्रान्सीव्हर (विजेतली माहिती प्रकाशात आणि प्रकाशातली विजेत बदलणारी डबी) खोचणं आणि मेलेले काढणं हे रोजचं काम. मेलेल्यांमध्ये लेसरच गेलेला असतो असा माझा अनुभव, आणि गरम रॅकमधले आधी जातात. म्हणून तुमचं ते उन्हाळा-हिवाळ्याचं वाक्य वाचून थांबलो. खरंच इतका फरक पडतो का? आणि पडत असेल तर आमच्या रॅकमध्ये हे अजून का नाहीत?

तरंगलांबी

रानवारा, पहिल्या प्रश्नाला आकडाच देते. थ्रेशोल्ड करंट तापमानाबरोबर चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. किती झपाट्याने, ते एका आकड्यात सांगतात, त्याला 'टी-शून्य' म्हणतात. मोठा असेल तर चांगलं. तुमच्या ट्रान्सीव्हरमधल्या १३०० नॅनोमीटरच्या नेहमीच्या क्वांटम वेल लेसरचा टी-शून्य साठ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ अंशांवरून ८५ वर गेलं की थ्रेशोल्ड २.७ पट. तेवढा करंट जास्त ढोसला की उष्णता आणखी वाढते, आणि तीच पुढे लेसरचा जीव घेते. यावर उतारा म्हणून काही मॉड्यूलमध्ये लेसरखाली पेल्टिअर कूलर बसवतात. तो स्वतः वीज खातो, बऱ्याचदा लेसरपेक्षा जास्त.

क्वांटम डॉटमध्ये एक गाठ पडली ती होलची. इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या लांब असतात, होलच्या मात्र दाटीवाटीच्या, म्हणून होल पांगायचे आणि १९८२ चं वचन अर्धंच पुरं व्हायचं. मग बेटांशेजारी मुद्दाम जास्तीचे होल पेरून ठेवायची युक्ती आली. २००४ मध्ये फुजित्सू आणि टोकियो विद्यापीठाने २० ते ७० अंशांपर्यंत करंटला हात न लावता सेकंदाला दहा गिगाबिट पाठवणारा लेसर दाखवला. त्यातूनच २००६ मध्ये 'क्यूडी लेसर' नावाची कंपनी निघाली. २०११ मध्ये त्यांचा लेसर २२० अंश सेल्सिअसला अखंड चालला. कढईतलं तेल तळणीला येतं ते १८० च्या आसपास, त्याहून वर.

अराकावा त्या प्रकल्पातही होते. बावीस वर्षं एका कागदाच्या मागे लागून राहणं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, रात्री लिहिते.

धूमकेतू

तुमचं लिखाण छान आहे, पण मला एक बोचतंय ते बोलतो. २००० च्या सुमारास मी परदेशात एका ऑप्टिकल कंपनीत होतो, नाव घेत नाही. तिथेही क्वांटम डॉटचा प्रकल्प होता. दर तिमाहीला 'पुढच्या वर्षी बाजारात' असं ऐकायचो. मग दूरसंचारचा फुगा फुटला, प्रकल्प बंद, आमच्यातले निम्मे घरी. त्या गटातली फार हुशार माणसं या क्षेत्रातूनच बाहेर पडली. १९९४ ला पहिला डॉट लेसर झाला, आज तीस वर्षं उलटून गेली. इतका गुणी लेसर असेल तर वेल लेसर अजून गादीवर कसा? होल पेरले, २२० अंश गाठले, हे सगळं प्रयोगशाळेतलं यश झालं.

बर्लिनकर_काका

१९९४ चा उल्लेख आला म्हणून थोडी भर. पहिला डॉट लेसर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या डीटर बिमबर्ग यांच्या आणि आयॉफच्या अल्फेरोव यांच्या गटांनी मिळून केला. त्या शोधनिबंधात हालेच्या माक्स प्लांक संस्थेतल्या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांचीही नावं आहेत. मी या शहरात १९९१ पासून आहे. नकाशा डोळ्यांपुढे आणा: विद्यापीठ पश्चिम बर्लिनमधलं, हाले पूर्व जर्मनीतलं, आणि आयॉफ सोव्हिएत लेनिनग्राडमधली. भिंत १९८९ ला पडली. पाच वर्षांत या तिन्ही गावची माणसं एका निबंधावर. मला तर त्या निबंधातली नावांची यादीच जास्त बोलकी वाटते.

अल्फेरोव यांना २००० मध्ये हर्बर्ट क्रोमर यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते १९७० पर्यंतच्या कामासाठी. डॉट लेसर झाला तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

तरंगलांबी

काका, हे मला असं जोडून कधी दिसलंच नव्हतं. मनापासून आभार.

धूमकेतू, तुमचा राग रास्त आहे. बंद पडलेल्या प्रकल्पातली माणसं मीही पाहिली आहेत. उत्तर आडवळणाने देत नाही. डॉट लेसर वेल लेसरच्या जागी बसला नाही, त्याची कारणं खरी आहेत.

एक म्हणजे ताकद. प्रकाश वाढवायला बेटं आहेतच किती? वेलमध्ये सगळा पत्रा, म्हणजे तो सपाट थर, काम करतो, इथे पत्र्यावरचे ठिपके फक्त, तेही सगळे एका रंगाचे नाहीत. लेसर आखूड केला की खालची पायरी पुरत नाही आणि तो अचानक वरच्या पायरीवर, म्हणजे दुसऱ्याच रंगावर उडी मारतो. मी मोजताना हे कितीदा झालं असेल! मग बेटांचे पाच-सात-आठ मजले एकावर एक चढवायचे, आणि प्रत्येक मजल्याचा ताण वरच्याला बिघडवणार नाही हे सांभाळायचं.

दुसरं, वेग. इलेक्ट्रॉनला आधी पत्र्यावरून बेटापर्यंत यायचं, मग पायऱ्या उतरायच्या. त्यात वेळ जातो. लेसरचाच करंट झपाझप खालीवर करून आकडे पाठवायचे असतील तर वेल लेसर सरळ पुढे निघून जातो. मिशिगनचे पल्लव भट्टाचार्य यांनी इलेक्ट्रॉनना बोगद्यातून थेट खालच्या पायरीवर सोडायची वाट काढली, तिने वेग वाढला, पण वाढीची कटकटही वाढली.

तेव्हा २००० च्या बाजाराला जे हवं होतं ते डॉटकडे नव्हतं, आणि जे डॉटकडे होतं त्याची त्या बाजाराला निकड नव्हती. तुमच्या त्या गटातल्या माणसांची हुशारी कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही. ती निकड पुढे आली, आणि आली सिलिकॉनकडून.

तरंगलांबी

रात्रीचं राहिलेलं आता लिहिते. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे.

सिलिकॉनवर सगळं करता येतं. प्रकाशाला वाट देता येते, वळवता येतो, झपाझप बंद-चालू करता येतो, मोजता येतो. फक्त निर्माण करता येत नाही. त्याची अंतर्गत रचनाच अशी की इलेक्ट्रॉन आणि होल भेटले तरी ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. म्हणून लेसर बाहेरून आणावा लागतो. आजवरचा व्यवहारी मार्ग म्हणजे इंडियम फॉस्फाइडचे तुकडे सिलिकॉनवर चिकटवायचे. सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन बॉवर्स आणि इंटेल यांनी २००६ मध्ये असा लेसर दाखवला, २०१६ पासून इंटेलने तो विकलाही. चालतो उत्तम. पण इंडियम फॉस्फाइडचे वेफर लहान आणि महाग, आणि सिलिकॉनचा वेफर तीनशे मिलिमीटरचा. परातीवर बत्तासे चिकटवत बसण्यासारखं ते काम.

मग लेसरचे थर थेट सिलिकॉनवरच का वाढवू नयेत? प्रयत्न १९८० च्या दशकापासून झाले आणि लेसर मरत गेले. गॅलियम आर्सेनाइड आणि सिलिकॉन यांच्या अणूंमधल्या अंतरात चार टक्के फरक. शिवाय गॅलियम आर्सेनाइड थंड होताना सिलिकॉनच्या दुपटीहून जास्त आक्रसतं. परिणामी स्फटिकात ओळी चुकतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. स्वेटरमध्ये एक टाका सुटला की खालपर्यंत रेघ जाते, तशी ही चुकलेली ओळ थरांमधून वर येते. वेलमध्ये इलेक्ट्रॉन आडवे हिंडत असतात, काही मायक्रोमीटर सहज. हिंडता हिंडता या रेघेत पडले की प्रकाश न देताच संपतात, आणि त्यातून सुटलेल्या ऊर्जेने ती रेघच पुढे वाढते. लेसरमध्ये काळा पट्टा पसरत जातो. १९७० चे सुरुवातीचे लेसर मिनिटांत किंवा तासांत मरायचे ते याच रोगाने.

आता बेटं घाला. इलेक्ट्रॉन एकदा बेटात पडला की तिथेच अडकतो. शेजारचं बेट चाळीस-पन्नास नॅनोमीटरवर, पण तिकडे जाता येत नाही. एखादी चुकलेली ओळ नेमकी त्या बेटातून गेली तर ते बेट मेलं. बाकीच्यांना त्याची खबरही लागत नाही. वेलमध्ये एक भोक अख्खी टाकी रिकामी करतं. इथे टाकीच नाही, एक कोटी द्रोण आहेत.

बेटं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक आपापल्या रंगाचं, म्हणून ज्यांना आम्ही नावं ठेवली, तीच सिलिकॉनवर तग धरून राहिली.

२०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या हुईयुन लिऊ यांच्या गटाने, कार्डिफ आणि शेफील्डच्या साथीनं, थेट सिलिकॉनवर वाढवलेला डॉट लेसर जाहीर केला. थ्रेशोल्ड दर चौरस सेंटिमीटरला ६२.५ अँपिअर, खोलीच्या तापमानाला १०५ मिलिवॉट प्रकाश, १२० अंशांपर्यंत चालणारा. ३,१०० तास प्रत्यक्ष चालवून, त्यावरून काढलेलं आयुष्य एक लाख तासांहून जास्त. तो निबंध मी टेस्टिंगच्या खोलीत उभ्यानेच वाचून काढला. सँटा बार्बराचा गटही २०१४ पासून याच वाटेवर होता. २०२१ मध्ये त्यांनी ८० अंशांवर बावीस वर्षांहून जास्त आयुष्याचा अंदाज दिला. तोही मर्यादित काळाच्या चाचणीवरून पुढे ताणलेला हिशेब आहे, हे मी टेस्टिंगवाली असल्याने मुद्दाम सांगते. तरी ८० अंश हा आकडा महत्त्वाचा, कारण प्रोसेसरच्या शेजारी बसायचं तर तेवढंच तापतं.

धूमकेतू, वेगाचा मुद्दा इथे आपोआप सुटतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये लेसरने फक्त अखंड जळत राहायचं, प्रकाशावर आकडे चढवायचं काम वेगळा मॉड्युलेटर करतो. आणि वेगवेगळ्या रंगांची बेटं असल्यामुळे एकाच लेसरमधून समान अंतरावरच्या अनेक तरंगलांब्या काढता येतात, कंगव्याच्या दातांसारख्या. प्रत्येक दातावर वेगळी माहिती चढवायची. डॉर्टमुंडची इनोल्यूम कंपनी असे लेसर विकते.

अजून एक गुण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणत्याही लेसरला आपलाच प्रकाश परत आलेला सोसत नाही, तो भरकटतो. म्हणून पुढे आयसोलेटर लावतात, त्यात गार्नेटचा स्फटिक आणि चुंबक. हे प्रकरण सिलिकॉनच्या चिपवर मावणं महाकठीण. डॉट लेसर परतलेल्या प्रकाशाने फारसा विचलित होत नाही, आयसोलेटरविना चालवून दाखवलेला आहे. ट्रान्सीव्हर कधी उघडून बघितला असेल तर रानवारांना कळेल, हे किती मोठं ओझं उतरलं.

रानवारा

उघडलेत ताई, मेलेले बरेच उघडलेत. ते चुंबकाचं नळकांडं माहीत आहे, नाव आज कळलं. म्हणजे पुढेमागे लेसर ट्रान्सीव्हरमधून निघून थेट स्विचच्या चिपशेजारी जाणार का? मग मेला तर बदलायचा कसा? आज मी एक मॉड्यूल उपसून दुसरं खोचतो, दोन मिनिटांचं काम.

तरंगलांबी

अगदी मोक्याचा प्रश्न, आणि ज्यांच्यात हा वाद चालू आहे ते सगळे इथेच अडतात. म्हणून चिपशेजारी प्रकाशाची वाहतूक आणणारे बरेच जण आज लेसर मात्र वेगळ्या खोचता येणाऱ्या डबीत, पुढच्या पट्टीवर ठेवतात. एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्विचमध्येही लेसर बाहेरच आहेत. आत न्यायचा तर त्याचं आयुष्य स्विचपेक्षा जास्त हवं. म्हणूनच मी त्या बावीस वर्षांच्या आकड्यावर इतका वेळ घालवला. तुमची दोन मिनिटं वाचवणं सोपं नाही.

मुक्ता_क

तरंगलांबी, पहिल्याच परिच्छेदात आमच्या घरच्या भावंडांचा उल्लेख केलात, म्हणून लिहिते. मी द्रावणातले डॉट करते. फ्लास्कमध्ये गरम द्रावणात दुसरं द्रावण पटकन सोडायचं, रंग पिवळ्यावरून लालकडे जाताना दिसतो, हव्या त्या रंगाला थांबवायचं. ही पद्धत १९९३ मध्ये एमआयटीत बावेंडी यांच्या गटाने बसवली. एकिमोव यांनी रंगीत काचेत, ब्रूस यांनी द्रावणात आधीच आकाराचा खेळ दाखवला होता. तिघांना मिळून नोबेल. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी असे अर्धवाहक नॅनोकण केले, शिकवले. आमच्यासारख्या कितीतरी जणींना या विषयाची ओळख त्यांच्या कामातून झाली.

आमच्याकडे आकार सारखे येतात, तुमच्यापेक्षा बरेच. पण लेसर करताना वेगळंच दुखणं: ऑजे. डॉट इतका लहान की त्यात इलेक्ट्रॉन-होलच्या दोन जोड्या एकदम आल्या तर एक जोडी आपली ऊर्जा प्रकाशात न देता दुसरीला देऊन मोकळी होते, तेही नॅनोसेकंद भरायच्या आत. आणि लेसरला नेमक्या एकाहून जास्त जोड्या लागतात. लॉस अलामॉसमध्ये व्हिक्टर क्लिमोव यांनी २००० मध्ये प्रकाशाचा झोत मारून यातून प्रकाशवर्धन दाखवलं. विजेवर तेच दाखवायला २०२३ उजाडलं. डॉटचं कवच एकदम न बदलता हळूहळू बदलत नेलं की ऑजे मंदावतो, ही त्यातली किल्ली. तरी पूर्ण अर्थाने विजेवर चालणारा लेसर डायोड व्हायचा आहे. झाला तर तो शाईसारखा कुठेही फासता येईल, भट्टी-निर्वात काही नको. मी त्याचसाठी रोज सकाळी फ्लास्क धुते.

तरंगलांबी

मुक्ता, तुमच्या घरच्यांना मी जरा घाईत निकालात काढलं होतं. ऑजेचा त्रास आम्हालाही आहे, पण तुमच्याइतका नाही, आमची बेटं मोठी म्हणून. त्या हळूहळू बदलणाऱ्या कवचावर स्वतंत्र धागा काढाल का? मी नक्की वाचेन.

सायली_ड

ताई, मी कोल्हापूरला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धागा दोनदा वाचला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे आपल्याकडे कुठे शिकता येईल? दुसरं, तुम्ही 'एक कोटी द्रोण' म्हणालात आणि शीर्षकातही एक कोटी आहे, तो आकडा कुठून आला? मी काढायचा प्रयत्न केला. लेसरची पट्टी किती लांब-रुंद ते कळलं तर जमेल.

तरंगलांबी

सायली, पट्टी एक मिलिमीटर लांब, तीन मायक्रोमीटर रुंद धर. बेटांची दाटी वर दिलीच आहे. मजले सात. आणि सोबत हेही काढ: सिलिकॉनवरच्या चांगल्या वाढीत चुकलेल्या ओळी दर चौरस सेंटिमीटरला सत्तर लाखांच्या घरात असतात. तुझ्या पट्टीत किती येतील?

शिकायचं म्हणशील तर आयआयटी मुंबईत सुभानंद चक्रवर्ती यांच्या गटाने एमबीईवर इंडियम आर्सेनाइडचे डॉट वाढवून अवरक्त संवेदक केले. ते भट्टाचार्य यांच्याच मिशिगनच्या गटातून आलेले. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये याच जातीचे अर्धवाहक वायूंतून वाढवतात. सिलिकॉनवरच्या प्रकाशासाठी आयआयटी मद्रासचं केंद्र बघ. आधी एमएस्सीत घनस्थिती आणि क्वांटम पक्कं कर, आणि निर्वात पंपाला हात लावायची संधी मिळेल तिथे लाव. माझ्या पाच वर्षांतलं एक तरी गळती शोधण्यातच गेलं असेल, आणि ते शिकवणारं पुस्तक नाही.

सदाशिव_आबा

सायली, शाब्बास. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची सवय सोडू नकोस. आणि तरंगलांबी, सतरंजीचं उदाहरण मी उचललं. आमच्याकडे रविवारी सात-आठ मुलं येतात, त्यांना खरीच सतरंजी अंथरून दाखवणार आहे. नातवाला आत्ताच मोठी बघून ठेवायला सांगितली.

सायली_ड

काढलं! पट्टीचं क्षेत्रफळ ०.००००३ चौरस सेंटिमीटर. एका मजल्यावर पंधरा लाख बेटं, सात मजल्यांवर एक कोटी पाच लाख. चुकलेल्या ओळी २१०. एक ओळ एका मजल्यावर एक बेट मारते असं धरलं तर पंधरा लाखांपैकी २१० जातात. ताई, हे इतकं कमी आहे की माझंच चुकलंय असं वाटतंय.

तरंगलांबी

चुकलेलं नाही. फक्त एक ओळ एकच बेट मारते हे धरणं थोडं उदार आहे. ओळीच्या आजूबाजूचीही काही जातात, आणि पत्र्यावरून बेटाकडे निघालेले इलेक्ट्रॉन वाटेत गळतात. दहापट धर हवं तर. २,१०० काढून टाक आणि किती उरली ते बघ.